‘प्रेक्षकांना कळत नाही’ हे कोण सांगतं?

एकांकिका स्पर्धेत निकालाआधी परीक्षक दोन शब्द बोलतात. आमच्या वेळचे परीक्षक बोलता बोलता आमच्या एकांकिकेपाशी आले आणि म्हणाले, “मुलांनो, मेहनत दिसते. पण प्रेक्षकांना कळलं पाहिजे ना!” आम्ही विंगेत तोंडावरचा रंग पुसत उभे होतो. परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या पाठीमागे तीन-चारशे माणसं होती, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमची एकांकिका गोंधळलेलीच होती; आज मीही तिला बक्षीस दिलं नसतं. पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही. ‘मला कळलं नाही’ असं म्हणायला थोडा मोठेपणा लागतो. ‘लोकांना कळत नाही’ म्हणायला फक्त पुढची खुर्ची लागते.

पुढे रशियन रंगभूमीबद्दल वाचताना हेच वाक्य पुन्हा भेटलं. तिथं ते ‘प्रावदा’त, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात, छापून आलं होतं, १७ डिसेंबर १९३७ ला. त्यानंतर तीन आठवड्यांत मॉस्कोतलं एक थिएटर बंद झालं आणि दोन वर्षांनी त्या थिएटरच्या दिग्दर्शकाला गोळी घालण्यात आली. व्हसेवोलोद मेयरहोल्ड हे त्याचं नाव. आपल्याकडच्या अभिनय शिबिरांत वास्तववादी अभिनयाचा रशियन गुरू स्तानिस्लावस्की याचं नाव पहिल्या दिवशी येतं, मेयरहोल्डचं आलंच तर शेवटच्या दिवशी, चहाच्या आधी, ‘बायोमेकॅनिक्स’ या एका शब्दापुरतं. त्याच्या नाट्यतंत्राबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मला बोलायचं आहे ते त्या वाक्याबद्दल, आणि मेयरहोल्डनं स्वतः ते वाक्य वापरलं होतं त्याबद्दलही.

हा माणूस १८७४ मध्ये पेन्झा या गावात जर्मन वंशाच्या घरात जन्मला. वडिलांची दारूची भट्टी होती. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कार्ल काझिमिर थिओडोर. एकविसाव्या वर्षी त्यानं धर्म बदलला आणि गार्शिन या आवडत्या लेखकाचं ‘व्हसेवोलोद’ हे नाव घेतलं. मॉस्कोत कायदा शिकायला आला, तो सोडून नेमिरोविच-दान्चेन्कोकडे नाटक शिकू लागला. १८९८ मध्ये स्तानिस्लावस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांनी मॉस्को आर्ट थिएटर काढलं तेव्हा पहिल्या नटसंचात तो होता. चेखवच्या ‘सीगल’मधला त्रेपलेव्ह त्यानं केला. नाटकात नवे आकार हवेत म्हणून तडफडणारा, घरच्यांनी चेष्टेवारी नेलेला तरुण. भूमिका वाटणाऱ्याला पुढचं दिसलं असेल असं नाही, पण योग बघा.

१९०२ मध्ये तो आर्ट थिएटरमधून बाहेर पडला. मतभेद साधा होता. स्तानिस्लावस्कीच्या रंगमंचावर समोवारमधून वाफ निघायची, रातकिडे ओरडायचे, घर हुबेहूब घर दिसायचं. मेयरहोल्डला वाटे, प्रेक्षकाला आपण नाटकात बसलोय हे ठाऊक असतं, मग त्याच्यापासून ते लपवायचं कशाला? लेखक, दिग्दर्शक, नट आणि चौथा निर्माता प्रेक्षक, असं तो क्रांतीच्या कितीतरी आधी लिहून गेला. रंगमंचावर अर्धंच दाखवायचं, उरलेलं अर्धं समोरचा माणूस भरतो. आपल्याकडे तमाशाच्या बोर्डावर एक फेरी मारली की गाव बदलतं, दशावतारात एकाच बाकड्याचं सिंहासनही होतं, आणि समोर बसलेल्या आजीबाईंना ते समजावून सांगावं लागत नाही. मेयरहोल्ड याच प्रकारच्या गोष्टी शोधत होता. रशियातल्या जत्रेतल्या तंबूंचे खेळ, इटलीतली मुखवट्यांची नाटकं, जपानचं काबुकी या सगळ्यांत त्याला एकच दिसायचं: साध्या प्रेक्षकाची कल्पनाशक्ती पंडितांना वाटते त्यापेक्षा तगडी असते.

म्हणजे ‘लोकांना न कळणारं नाटक करणारा’ म्हणून ज्याचं थिएटर बंद केलं, त्याची सगळी भिस्त लोकांच्या कळण्यावर होती.

१९०५ मध्ये स्तानिस्लावस्कीनंच त्याला परत बोलावलं, पोवार्स्काया रस्त्यावर प्रयोगांसाठी स्टुडिओ काढायला स्वतःचे पैसे दिले. रंगीत तालीम पाहिली, पटली नाही, स्टुडिओ उघडण्याआधीच बंद झाला. (त्या वर्षीच्या क्रांतीच्या धामधुमीत तो तसाही उघडला असता की नाही शंकाच आहे.) पुढच्या वर्षी पीटर्सबर्गची मोठी अभिनेत्री वेरा कोमिसार्झेव्हस्काया हिनं आपल्या थिएटरमध्ये घेतलं आणि वर्षभरात काढून टाकलं. दोन्ही प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात ते एवढ्यासाठी: दोन मालक नाराज झाले आणि माणूस जिवंत राहिला. एका दारातून बाहेर काढलं की दुसरं दार होतं. १९०८ पासून तर तो चक्क झारच्या शाही नाट्यगृहांत दिग्दर्शक होता. दिवसा राजदरबारी थाटाची नाटकं आणि ऑपेरा, रात्री ‘डॉक्टर दापेर्तुत्तो’ या टोपणनावानं छोट्या जागांत हवे ते प्रयोग. राजाश्रय आणि प्रायोगिक, दोन्ही दगडांवर पाय.

त्या काळाचा शेवट बघण्यासारखा आहे. लेर्मोन्तोव या कवीच्या ‘मास्करेड’ नाटकावर तो वर्षानुवर्षं काम करत होता, चित्रकार गोलोविननं एकेक कपडा, एकेक खुर्ची नव्यानं चितारली होती. पहिला प्रयोग झाला जुन्या पंचांगाप्रमाणे २५ फेब्रुवारी १९१७ ला. बाहेर पेट्रोग्राडच्या (पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव, पुढे लेनिनग्राड) रस्त्यांवर गोळीबार चालू होता. आठवड्याभरात झारनं गादी सोडली.

इथून पुढे माझी आणि मेयरहोल्डच्या भक्तांची वाट वेगळी होते. त्याच्यावरचे बरेच लेख क्रांतीपासून एकदम १९३७ वर उडी मारतात. निरागस कलावंत, दुष्ट राजवट, काम झालं. मधल्या वर्षांत तो निरागस नव्हता. १९१८ मध्ये तो बोल्शेविक पक्षात गेला. एवढा नामवंत दिग्दर्शक इतक्या लवकर पक्षात येणं ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. त्याच वर्षी क्रांतीचा कवी मायकोव्हस्की याचं ‘मिस्तेरिया-बूफ’ हे नाटक त्यानं केलं, नेपथ्य चित्रकार मालेविचचं. दक्षिणेत बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या ‘पांढऱ्या’ सैन्यानं पकडून तुरुंगात टाकलं, तिथून सुटला. १९२० मध्ये शिक्षण खात्याच्या नाट्यविभागाचा प्रमुख होऊन मॉस्कोत आला तो लाल सैनिकासारखा, कातडी कोट आणि टोपी घालून. त्यानं घोषणा दिली ‘थिएटर ऑक्टोबर’ची. राजकारणात ऑक्टोबर, म्हणजे १९१७ ची बोल्शेविक क्रांती, झाला, आता रंगभूमीवर व्हायला हवा. त्याच्या थिएटरचं नाव ‘आरएसएफएसआर (सोव्हिएत रशियाचं लघुरूप) थिएटर क्रमांक एक’. पलटणीला द्यावा तसा नंबर. विभागाच्या मासिकातून त्यानं जुन्या थिएटरांवर तोफा डागल्या. ती मेलेली आहेत, नव्या प्रेक्षकाला, कामगाराला, सैनिकाला त्यांचं काही घेणंदेणं नाही, असा सूर.

नव्या प्रेक्षकाला हे परकं आहे. वाक्य ओळखीचं वाटतंय का?

तेव्हा ती जुनी थिएटरं वाचली ती शिक्षणमंत्री लुनाचार्स्कीमुळे. त्यानं आर्ट थिएटर, माली, बोल्शोई वगैरे संस्था मेयरहोल्डच्या हाताबाहेर ठेवल्या. मेयरहोल्डनं काही महिन्यांत ते पद सोडलं. खुर्ची गेली हे त्याच्या कलेच्या दृष्टीनं बरंच झालं, पण खुर्चीवर असताना त्यानं जी भाषा वापरली ती भाषा तिथंच राहिली. नाटक चांगलं की वाईट हे सोडून ते ‘आपलं’ की ‘परकं’ असं विचारायची सवय त्या वर्षांत लागली, आणि ती लावणाऱ्यांत तो पुढे होता. मी हे त्याला हिणवायला लिहीत नाही. १९२० चा उत्साह त्या हवेतच होता. व्हेरहारेन या बेल्जियन कवीच्या ‘डॉन्स’ नाटकाचा प्रयोग चालू असताना दूताची भूमिका करणाऱ्या नटानं लाल सैन्यानं क्रायमियाच्या तोंडावरचं पेरेकोप जिंकल्याची खरीखुरी तार वाचून दाखवली आणि सगळं नाट्यगृह उसळलं. असा प्रसंग अनुभवल्यावर लोक आणि आपण एकच आहोत असं कुणालाही वाटेल. पण लोक आणि आपण एक आहोत असं वाटणारा माणूस लोकांच्या वतीनं बोलू लागतो. आणि त्या व्यवसायात कायम आपल्यापेक्षा मोठ्या आवाजाचा कुणीतरी येतो.

दरम्यान त्यानं जी नाटकं केली ती मात्र कमालीची. २५ एप्रिल १९२२ ला ‘मॅग्नॅनिमस ककोल्ड’. पडदा नाही, विंगा नाहीत, मागची विटांची भिंत उघडी. मध्यभागी ल्युबोव पोपोवानं उभारलेला लाकडी सांगाडा: जिने, उतरत्या फळ्या, फिरती दारं, पवनचक्कीसारखी चाकं. नट निळ्या कामगारी कपड्यांत. संशयी नवरा चिडला की चाकं गरगरतात. नटांची शरीरं बायोमेकॅनिक्सवर तयार झालेली. या शब्दाला घाबरायचं कारण नाही. धनुष्य सोडणं, दगड फेकणं, थोबाडीत मारणं अशा क्रिया तोडून तोडून, तोल सांभाळत करायच्या, आणि प्रत्येक क्रियेआधी उलट दिशेला एक छोटी हालचाल घ्यायची. उडी मारायची तर आधी दोन पावलं मागे. ज्यानं विटी-दांडू खेळला आहे त्याच्या शरीराला हे आधीच माहीत असतं. लुनाचार्स्कीला हे नाटक बघून शिसारी आली आणि त्यानं ती वर्तमानपत्रात लिहून कळवली. नाटक मात्र जोरात चाललं, आणि लुनाचार्स्कीनं ते बंद केलं नाही. मंत्र्याला न आवडलेलं नाटक चालू राहतं, हे त्या दशकाचं खरं वैभव.

आणि १९२६ चं ‘इन्स्पेक्टर जनरल’. गोगोलचं हे नाटक मराठी माणसाला परकं नाही; पुलंचं ‘अंमलदार’ त्यावरूनच आलं. लाचखाऊ गावात एका फालतू कारकुनाला सगळे बडा अधिकारी समजतात. आपण ते फार्स म्हणून हसत पाहिलं. मेयरहोल्डनं त्याचे १५ तुकडे केले. चकाकत्या लाकडाच्या अर्धवर्तुळाकार भिंतीत ओळीनं दारं. त्यातून एक लहानसा, पुढे उतरता चबुतरा सरकत बाहेर येतो आणि त्यावर माणसं, सोफे, झुंबरं, खाणंपिणं सगळं कोंबलेलं. एवढ्या मोठ्या मंचावर चार-साडेचार मीटरचा तुकडा उजळलेला, बाकी काळोख. लाच देण्याच्या प्रवेशात सगळ्या दारांतून एकाच वेळी पैसे धरलेले हात बाहेर येतात. खऱ्या अधिकाऱ्याच्या आगमनाची वर्दी येते, सगळे थिजतात, आणि थोड्या वेळानं प्रेक्षकांच्या लक्षात येतं की समोर नट नाहीतच, माणसाएवढे पुतळे उभे आहेत.

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? दारांतून येणारे लाचेचे हात कळायला कुठल्या विद्यापीठात जावं लागतं? लोकांना ते नीट कळलं, ही सत्तेची अडचण असते, असं मला वाटतं. १९२९ मध्ये मायकोव्हस्कीचं ‘बेडबग’ झालं, संगीत बावीस वर्षांच्या शोस्ताकोविचचं. १९३० मध्ये ‘बाथहाउस’, सरकारी बाबूगिरीवरचं. त्यावर टीकाकार तुटून पडले, ‘कामगारांना हे समजणार नाही’ हा आरोप पुन्हा आला, आणि एप्रिलमध्ये मायकोव्हस्कीनं स्वतःला गोळी घातली. कारणं अनेक होती, त्यात हेही एक.

प्रेक्षकांच्या बाबतीत मेयरहोल्डच्या थिएटरनं एक काम केलं होतं, त्याची आठवण मला इथं करून द्यायची आहे. विसाच्या दशकात त्यांच्याकडे प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची एक यादी होती, वीस प्रकारांची. शांतता, गडबड, खोकला, उसासे, हसू, रडू, टाळ्या, शिट्ट्या, उठून जाणं, मंचावर वस्तू फेकणं, थेट मंचावर चढणं. प्रयोग चालू असताना एक माणूस बसून नाटकातल्या कुठल्या क्षणी यातलं काय झालं ते टिपत असे. पद्धत हास्यास्पद वाटू शकते. शांतता कंटाळ्याची की भारावल्याची हे तक्त्यात कसं कळणार? पण हेतू बघा. ‘प्रेक्षकांना काय वाटतं’ हा प्रश्न पडल्यावर यांनी प्रेक्षकांकडे पाहिलं. त्यांच्यावर लेख लिहिणाऱ्यांनी पाहिलं नाही.

तिसाचं दशक उजाडलं आणि दारं एकेक करून बंद होत गेली. खासगी थिएटर उरलं नव्हतं. जागा सरकारची, पगार सरकारचा, वर्तमानपत्र सरकारचं, पोलीस सरकारचे. जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’नं शोस्ताकोविचच्या ऑपेराला ‘संगीताऐवजी गोंधळ’ ठरवलं. आता ‘रूपवाद’, म्हणजे आशयापेक्षा आकाराला महत्त्व देणं, हा शब्द गुन्ह्याचा झाला. मार्चमध्ये मेयरहोल्ड लेनिनग्राडमध्ये बोलायला उभा राहिला. त्याच्या भाषणाचं शीर्षकच ‘मेयरहोल्डगिरीविरुद्ध मेयरहोल्ड’ अशा अर्थाचं होतं. आपली नक्कल करणाऱ्या इतर दिग्दर्शकांना त्यानं झोडपलं, दोष त्यांच्यावर ढकलला. आणि त्याच भाषणात शोस्ताकोविचची बाजूही घेतली, जे करायची तेव्हा फारशी कुणाची छाती नव्हती. एकाच तासात भित्रेपणा आणि धाडस. माणसं अशीच असतात. चरित्रकारांना ते आवडत नाही.

१९३७ हे क्रांतीचं विसावं वर्ष. त्यासाठीचं त्याचं नाटक मंजूर झालं नाही. मग डिसेंबरात तो लेख आला: ‘परकं थिएटर’. लेखक केर्झेन्त्सेव. हा गृहस्थ साधा टीकाकार नव्हता, देशाच्या कलाविषयक समितीचा अध्यक्ष होता. सोव्हिएत प्रेक्षकाला असलं थिएटर हवं आहे का, असा त्यानं सवाल केला. उत्तरही त्याच्याच समितीनं जानेवारी १९३८ मध्ये दिलं, थिएटर विसर्जित करून. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच, जागेचा मालकही तोच. गंमत अशी, की क्रांतीनंतर लगेच याच केर्झेन्त्सेवनं, जनतेनं स्वतः नाटक करावं अशी स्वप्नं रंगवणारं पुस्तक लिहिलं होतं. जनतेवर प्रेम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकानं दुसऱ्याचं थिएटर बंद केलं आणि थोड्याच दिवसांत त्याचीही खुर्ची गेली. लेख आल्यावर थिएटरात सभा झाल्या. त्यात मेयरहोल्डचेच काही सहकारी उठून त्याच्या विरोधात बोलले. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची पगारपत्रकं त्याच समितीकडे होती.

तेव्हा एकाच माणसानं त्याला हात दिला. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा, आजारानं घरात अडकलेला स्तानिस्लावस्की. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याचा स्टुडिओ उघडण्याआधी बंद केला, त्याला त्यानं आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये जागा दिली. या दोघांना एकमेकांचे वैरी म्हणून शिकवायची पद्धत आहे: हा आतून बाहेर, तो बाहेरून आत, हा भावनेचा, तो शरीराचा. परीक्षेत लिहायला सोपं पडतं. स्तानिस्लावस्कीला त्याचं काम पटत नव्हतं हे खरं, पण त्याला ते पाहून स्वतः ठरवता येत होतं आणि ‘मला पटत नाही’ एवढ्यावर थांबताही येत होतं. ऑगस्ट १९३८ मध्ये तो वारला. मेयरहोल्डच्या डोक्यावरचं छत्र गेलं.

जून १९३९ मध्ये दिग्दर्शकांची अखिल सोव्हिएत परिषद भरली. मेयरहोल्ड उठला तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पुढं काय झालं याची एक दंतकथा आहे: त्यानं राजवटीला खडे बोल सुनावले, तुम्ही रूपवाद मारायला निघालात आणि कलाच मारलीत असं काहीसं. देशाबाहेर गेलेल्या एका संगीतकाराच्या आठवणींतून ही कथा जगभर पसरली, कितीतरी पुस्तकांत छापली गेली. नंतर भाषणाची टिपणं उपलब्ध झाली. त्यात तसलं काही नाही. चुका कबूल करणं आहे, स्टालिनची स्तुती आहे, काम करू द्या अशी विनवणी आहे. पासष्ट वर्षांचा थकलेला माणूस जीव वाचवायला बघत होता. मला हे खरं भाषण त्या खोट्या भाषणापेक्षा जास्त भयंकर वाटतं. शूर माणसाला मारलं तर निदान काही कारण तरी सांगता येतं. इथं त्यानं गुडघे टेकले होते आणि तरी पाच दिवसांनी, २० जूनला, लेनिनग्राडमध्ये त्याला अटक झाली.

पुढचं थोडक्यातच सांगतो. जुलैमध्ये त्याची बायको, अभिनेत्री झिनाइदा राइख, हिचा मॉस्कोच्या राहत्या घरात भोसकून खून झाला. तुरुंगातून त्यानं पंतप्रधान मोलोतोवला पत्र लिहिलं. रबरी पट्ट्यानं तळपायांवर आणि पाठीवर कसं मारलं, नंतर सुजलेल्या, काळ्यानिळ्या झालेल्या जागांवरच पुन्हा कसं मारलं, वेदनेनं आपण कुत्र्यासारखे कसे विव्हळलो, आणि त्या अवस्थेत ब्रिटन-जपानचा हेर असल्याचा जबाब कसा सही केला, हे सगळं त्यात आहे. जबाब मागे घेतो असंही आहे. २ फेब्रुवारी १९४० ला त्याला गोळी घातली. १९५५ मध्ये कोर्टानं कबूल केलं की गुन्हा घडलाच नव्हता.

हे सगळं वाचून मराठी वाचक म्हणेल, त्या हुकूमशाहीचं इथं काय? बरोबर आहे. आपल्याकडचा सेन्सॉर आणि त्या तळघरातला रबरी पट्टा एका वाक्यात आणणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. मी तुलना करतोय ती छळाची नाही, रचनेची. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरनं कात्री चालवली तेव्हा कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. ‘घाशीराम कोतवाल’ मूळ संस्थेनं थांबवलं, तेव्हा त्या नटसंचानं थिएटर अॅकॅडमी ही वेगळी संस्था काढली आणि ‘घाशीराम’ परदेशात जाऊन आलं. दोन्ही ठिकाणी नाटक आवडलेल्यांनी बहुमत जिंकलं म्हणून ते वाचलं असं नाही. दुसरं दार होतं म्हणून वाचलं. सेन्सॉर मंडळ एक, कोर्ट दुसरं, तिकीट काढणारा प्रेक्षक तिसरा, आणि थिएटरची मालकी चौथ्याच कुणाकडे. मेयरहोल्डला झारच्या काळात अशी चार दारं होती. ज्या राजवटीसाठी त्यानं तुरुंग भोगला, तिनं त्यांचं एक करून टाकलं.

आजही आपल्याकडे नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, द्यावी लागते. सिनेमाला प्रमाणपत्र लागतं म्हणून नाटकालाही लागावं, असं अनेकांना वाटतं. मला वाटत नाही. एक तर नाटक रोज नव्यानं घडतं. कागदावर पाहून त्याची परवानगी देणं म्हणजे चव न घेता स्वयंपाक पास करणं. ‘इन्स्पेक्टर जनरल’च्या संहितेत गोगोलचे शब्द आहेत. दारांतले हात, पुतळे हे कुठल्या संहितेत दिसणार होते? आणि दुसरं, मंडळावर बसणारा माणूस कितीही सज्जन असो, त्याच्या तोंडी पहिलं वाक्य तेच येतं: मला व्यक्तिशः काही नाही हो, पण लोकांना…

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळता येणार नाही. सरकारी अनुदान, सरकारी नाट्यगृह, राज्य नाट्य स्पर्धा, सगळा पैसा लोकांचा. मग चार जणांनाच कळणाऱ्या नाटकावर तो का घालवायचा? दिग्दर्शक म्हणून तुझा अहंकार आम्ही का पोसायचा? मला हा राग समजतो. प्रायोगिक नावाखाली मीही पुष्कळ भंपक नाटकं सहन केली आहेत, आणि एक केलं आहे हे वर सांगितलंच. पण पैशाचा हिशोब मागायच्या जागा वेगळ्या आहेत. तिकीट परवडतं का, तालुक्याच्या गावी प्रयोग होतात का, नाट्यगृहाची स्वच्छतागृहं वापरण्यासारखी आहेत का, अनुदान त्याच त्या पाच संस्थांना दरवर्षी का, हे जरूर विचारा. विचारतच नाही आपण. आकार कसा असावा, पडदा असावा की नाही, गोष्ट सरळ सांगावी की तोडून, हे मात्र पैसे देणाऱ्यानं ठरवू नये. त्याला अक्कल नसते असं नाही. लुनाचार्स्कीला पुष्कळ अक्कल होती, तरी त्याला ‘ककोल्ड’ आवडलं नाही. पण आपल्याला न आवडलेलं नाटक चालू राहू देणं हेही त्यालाच जमलं. केर्झेन्त्सेवला जमलं नाही, कारण तोवर ‘मला आवडत नाही’ आणि ‘देशाला नको’ यांत फरकच उरला नव्हता.

मेयरहोल्डचं काम मग वाचलं कसं? सरकारी संग्रहालयामुळे नाही. झिनाइदाच्या मुलीनं कागदपत्रं बाहेर काढली आणि त्याचा जुना विद्यार्थी, सिनेमावाला आयझेनस्टाइन, यानं ती आपल्या गावाबाहेरच्या घरात लपवली. स्वतःच्या जिवावर बेतलं असतं तरी. त्याच्या नटांपैकी कुस्तोव यानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोतल्या तरुण नटांना बायोमेकॅनिक्सचे धडे पुन्हा दिले, कागदावरून नव्हे, अंगातून. दिग्दर्शक ल्युबिमोवनं १९६४ मध्ये मॉस्कोत टागांका थिएटर सुरू केलं तेव्हा प्रवेशद्वाराच्या दालनात चार तसबिरी लावल्या: स्तानिस्लावस्की, वाख्तांगोव, ब्रेख्त आणि मेयरहोल्ड. पहिल्या आणि चौथ्याला शेजारी टांगणं, हे आपल्या शिबिरांच्या वेळापत्रकांना अजून सुचलेलं नाही.

मॉस्कोत एक चायकोव्हस्की संगीत सभागृह आहे. खुर्च्या मंचाला कवेत घेत, उतरत उतरत खाली येतात. पडद्याची कमान नाही. संगीताच्या सभागृहाला असा घाट का दिला असेल असं नवख्याला वाटतं. ती इमारत मेयरहोल्डच्या नव्या थिएटरसाठी आखली होती, प्रेक्षकाला मंचाच्या जवळ, तिन्ही बाजूंनी बसवायचं म्हणून. काम चालू असतानाच थिएटर बंद झालं. १९४० मध्ये, म्हणजे त्याला मारलं त्याच वर्षी, ती सभागृह म्हणून उघडली. आजही तिथं सिंफनीच्या दोन भागांमध्ये क्षणभर शांतता पसरते, आणि मग वरच्या रांगांतून कुणीतरी खोकतं. त्या वीस नोंदींच्या तक्त्यात दोन्हींना रकाना होता.